दोरीपलीकडचा सिनेमा

टॅमरॅक गावाला आजवर कितीतरी नावं मिळाली होती. एकदा ते ओहायोतलं कुठलंसं मेपल क्रीक झालं, दोनदा व्हरमाँटमधलं खेडं झालं, आणि एका भुताच्या सिनेमात तर त्याला नावसुद्धा नव्हतं, ते नुसतंच अमेरिका होतं. टॅमरॅक म्हणून मात्र ते पडद्यावर कधीच आलं नव्हतं. सरोवराच्या उत्तर काठावरचं हे गाव अस्सल कॅनडाचं, पण त्याला भाड्याने घेतलं जाई ते कॅनडाचं दिसू नये म्हणूनच. शूटिंगवाले यायचे, पोस्टासमोरची लाल पेटी निळ्या कागदात गुंडाळायचे, लाल पानाचा झेंडा उतरवून नीट घडी घालून पोस्टमास्तरणीच्या हातात ठेवायचे, आणि गाव खुशीने दुसऱ्याच्या नावाने मिरवायचं.

म्हणून हेल्मीनं जेव्हा आपला पहिला सिनेमा टॅमरॅकमध्ये, टॅमरॅक म्हणूनच करायचं ठरवलं, तेव्हा गावातल्या बहुतेकांनी एकच शंका काढली, की मग तो बघणार कोण?

सिनेमाचं नाव 'भोंगा'. कागदाची गिरणी बंद पडते, तरी एक म्हातारा रोज दुपारी कुंपणावरून आत शिरून तिचा भोंगा वाजवतो, आणि त्याला थांबवायचं कुणी यावरून गावात तंटा होतो, अशी ती गोष्ट. सरकारी निधी मिळवताना हेल्मीला पानापानावर सिद्ध करावं लागलं की ही गोष्ट कॅनडाचीच आहे. वितरक मिळाला, तर त्याने विचारलं की ही गोष्ट कुठल्याही देशातली वाटेल अशी करता येईल का. मध्येच तिचा कॅमेरामन एका अमेरिकन मालिकेवर निघून गेला. मनातून ओशाळला होता बिचारा, पण गेला. शेवटी आयरिस पोटात असताना तिने सिनेमाचं संकलन केलं, आणि आयरिसला पाजता पाजता, एका कानाला हेडफोन लावून, त्यातले आवाज बसवले. तिच्या लेकीने आईच्या दुधाबरोबर तो भोंगा इतक्या वेळा ऐकला होता की आता त्याशिवाय ती झोपत नसे.

टोरांटोतला वितरक, डेव्हिन, गोड बोलणारा माणूस. त्याने अट घातली तीही गोडच. पहिला शुक्रवार-शनिवार सिनेमा टॅमरॅकच्याच लिरिक थिएटरात लावू. दोन दिवसांत हॉल भरला तर टोरांटो आणि पुढची शहरं. नाही भरला, तर सोमवारपासून त्या पडद्यावर बोलणाऱ्या अस्वलांचा नवा अमेरिकन सिनेमा आहेच.

"तुझ्याच गावाने नाही पाहिला, तर टोरांटोनं का पाहावा?" तो म्हणाला होता. हेल्मीला राग आला. तरी फोन ठेवताना ती नेहमीप्रमाणे त्याला थँक्यू म्हणाली.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी दुपारी, आयरिसला झोळीत छातीशी बांधून ती मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आली आणि जागच्या जागी थिजली. नाताळ लागला होता. दुकानांवर हिरव्या माळा, खांबाखांबाला लाल फिती. रस्त्याच्या कडेला खरा बर्फ होता, महिनाभर गाड्यांनी तुडवलेला, काळपट. तो शूटिंगवाल्यांना मळका वाटला असावा. कारण दोन माणसं नळीने त्यावर पांढराशुभ्र खोटा बर्फ फवारत होती. आणि लिरिकच्या दर्शनी फळीवर, जिथे गुरुवारी आर्मांडने शिडीवर चढून स्वतःच्या हाताने 'भोंगा' लिहिलं होतं, तिथे सोनेरी रंगाची भलीमोठी पाटी होती: स्नोबेरी फॉल्स चित्रमंदिर, नाताळचा खास खेळ.

खालच्या काचेतलं पोस्टरही झाकलेलं. भोंग्याचा मागमूस नव्हता.

आर्मांड बुशे हा लिरिकचा मालक, सत्तरीचा. हेल्मीने लहानपणी पाहिलेला प्रत्येक सिनेमा त्याच्या हातून तिकीट फाडून पाहिलेला. मागच्या गल्लीतून ती त्याच्या कार्यालयात शिरली तेव्हा तो आधीच हात वर करून उभा होता.

"फक्त दर्शनी भाग दिलाय गं त्यांना. आतलं सगळं तुझंच आहे."

"आत येणारे लोक दर्शनी भागातूनच येतात ना, आर्मांड?"

तो खाली बसला. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून तिचा राग कमी झाला नाही, फक्त त्याला जायला जागा उरली नाही. त्याचा प्रोजेक्टर पावसाळी ढगासारखं चित्र दाखवायला लागला होता. त्याचा नवा दिवा आला तो या भाड्यातून. दर्शनी भाग दिला नसता तर आज 'भोंगा' दाखवायलाच काही नव्हतं. आणि सहाच्या खेळाआधी शूटिंग थांबवून लोकांना आत सोडू, असं त्यांच्या बाईने तोंड भरून सांगितलंय. त्या बाईचं नाव ब्रिन. टोरांटोची आहे, म्हणजे आपलीच की.

ब्रिन बाहेरच भेटली. तिने हेल्मीचे दोन्ही हात हातात घेतले, आयरिसच्या गालाला बोट लावलं, आणि तुझ्यासाठी मला किती आनंद झालाय हे दोनदा सांगितलं. तिनेही एकेकाळी छोटासा सिनेमा केला होता म्हणे, आपल्या इकडचा. फार चालला नाही. पण शेवटी आपण सगळे एकाच धंद्यातले ना, एकमेकांना सांभाळून घ्यायलाच हवं. पावणेसहाला दहा मिनिटं रस्ता मोकळा करून देते, शब्द दिला.

"आणि पाटी?" हेल्मीनं विचारलं.

"पाटी सुंदर झालीय ना? तुमच्याच गावच्या सुताराने केलीय."

टॅमरॅकमध्ये असली पाटी करू शकणारा सुतार एकच होता, आणि तो हेल्मीच्या घरात राहत होता.

तिचा नवरा लायल सामानाच्या ट्रकमागे होता, तोंडात खिळे धरून. तिला बघून त्याने ते एकेक करून बाहेर काढले, जणू बोलायला जागा करतोय. दोन आठवडे तो ती पाटी रंगवत होता, आणि ती कुठे लागणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं रोज रात्री जेवताना तो तिला विचारत होता, भोंग्याची तयारी कुठवर आली?

"मला वाटलं ते शुक्रवारच्या आत आटपतील," तो म्हणाला.

"आणि नाही आटपले तर?"

"हेल्मी, चार वर्षं घर कशावर चाललं?" त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "तुझ्या सिनेमातलं म्हाताऱ्याचं घर कुठल्या लाकडाचं आहे? त्या भुताच्या सिनेमाच्या सेटचं. दिवे कुणाचे होते? ही खोटी गावं आहेत म्हणून तुझं खरं गाव उभं राहिलं. मी त्यांना नाही म्हणालो तर उद्यापासून नॉर्थ बे शहरातला सुतार येईल."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. हेल्मीला तेच सहन होईना. आपलेच दात नि आपलेच ओठ. ज्याला ओरडावं तो आपलाच, आणि वर त्याचं खरं. ती म्हणाली, "तू मला सांगायला हवं होतंस," आणि वळली. आयरिस जागी होऊन रडायला लागली होती. खोटा बर्फ तिच्या नाकात गेला होता.

लिरिकच्या मागच्या खोलीत, फिल्मच्या जुन्या डब्यांवर बसून तिने लेकीला पाजलं. आयरिसची मूठ तिच्या शर्टाच्या कॉलरला धरून होती, पिताना ती घट्ट व्हायची, सुटायची, परत घट्ट व्हायची. त्या इवल्याशा मुठीकडे बघताना हेल्मीचा श्वास जरा जाग्यावर आला. पावणेसहा वाजले. आर्मांडने मक्याच्या लाह्या फोडायला घेतल्या. लोण्याचा वास हॉलभर पसरला.

सहाला हॉलमध्ये हेल्मी होती, आयरिस होती आणि आर्मांडची बहीण होती. बहीण दर शुक्रवारी येतेच, काहीही लागलं तरी.

सव्वासहाला आर्मांडनं विचारलं, सुरू करू का?

"थांबा," हेल्मी म्हणाली. पिकतं तिथे विकत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण इतकं? तिच्या शाळेतली एकही मैत्रीण येऊ नये? ज्यांनी आपली स्वयंपाकघरं शूटिंगला उघडून दिली, ज्यांच्या चुलत्यांनी, नवऱ्यांनी त्यात कामं केली, त्यांनाही नको? गावावरचा तिचा संताप इतका वर आला की तिने आयरिसला परत झोळीत घातलं आणि मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या पिंपांमधून, मेन स्ट्रीटच्या तोंडाशी गेली. कुणाच्या तरी घराचं दार वाजवायचं आणि तोंडावर विचारायचं, एवढंच डोक्यात होतं.

दार वाजवावं लागलं नाही. गाव तिथेच होतं.

रस्त्याच्या तोंडाला पिवळी दोरी बांधली होती, आणि दोरीमागे लोक उभे होते. औषधांच्या दुकानाचा वेंडल आणि त्याची बायको. पोस्टमास्तरीण. चर्चच्या गायकमंडळातल्या सगळ्या जणी, केस सेट करून. 'भोंगा'मध्ये म्हाताऱ्याचं काम केलेले मिस्टर ऑयाला, चक्क सूट घालून. शंभरावर माणसं असतील, सगळी चांगल्या कपड्यांत, थंडीत पाय हलवत, शूटिंगवाल्यांनी फुकट दिलेली कॉफी हातात धरून, गप्प. लिरिक त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, धावत गेलं तर आयरिस शिंकायच्या आत पोचता येईल इतक्या अंतरावर.

दोरीजवळ चमकतं जाकीट घालून, हातात वॉकीटॉकी घेऊन मिसेस टर्कोट उभ्या होत्या. त्या गावाच्या शाळेत जन्मभर कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. शूटिंगवाल्यांनी रस्ता अडवायला माणूस निवडला तो नेमका. त्या दोरीमागचा असा एकही जण नव्हता की ज्याला त्यांनी कधी ना कधी मैदानाला फेरी मारायला लावलं नव्हतं.

"तुम्ही सगळे इथे का उभे आहात?" हेल्मीनं विचारलं.

"श्श्," मिसेस टर्कोट म्हणाल्या. "शूट चालू आहे. हळू."

"माझा सिनेमा सहाला होता," हेल्मी दबल्या आवाजात म्हणाली.

"माहितीये," वेंडल कुजबुजला. "म्हणून तर आलो. दहा मिनिटं थांबा म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"मघाशी. मग परत एकदा दहा मिनिटं म्हणाले. उजेड जातोय ना, त्यांना एकच शॉट राहिलाय. दोघंही किती भले आहेत गं, ती नटी आणि तो नट. मघाशी हात केला आम्हाला."

"पाटी बघून मला तर वाटलं तुझा रद्दच झाला," एक गायिका पुटपुटली. "तरी म्हटलं थांबून बघू. विचारायचं कुणाला? ते कामात होते."

"आणि आत कुणीच नाहीये!" हेल्मी म्हणाली. "मी आत बसून तुम्हाला शिव्या घालतेय, आणि तुम्ही इथे..."

"श्श्," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती स्वतःसुद्धा कुजबुजतच भांडतेय. तळपायाची आग मस्तकात गेलेली, छातीशी लेकरू, चार वर्षांचं काम समोर मरतंय, आणि तिचा आवाज मात्र बेतलेला. कुणाला त्रास नको म्हणून. स्वतःच्या गावात, स्वतःच्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या नाताळात अडथळा नको म्हणून.

"मी हळू बोलणार नाही," हेल्मी म्हणाली, आणि ते तिने इतक्या मोठ्याने म्हटलं की लिरिकच्या पायऱ्यांवरून धावत निघालेली नटी अडखळली. "हा माझा रस्ता आहे. तुमचाही आहे. ते थिएटर आपलं आहे आणि आत आपला सिनेमा आहे. तुम्हाला तो बघायचा नसेल तर घरी जा, मी काही म्हणणार नाही. पण बघायचा असून जर इथे कॉफी पीत उभे राहणार असाल, कारण कुणीतरी थांबा म्हटलं, तर मग आपल्याला कुणी लुटलंबिटलं नाही. आपणच दार धरून उभे आहोत."

वॉकीटॉकीतून कुणीतरी विचारत होतं, कोण बोलतंय, कोण बोलतंय. मिसेस टर्कोटनी त्या यंत्राकडे नुसतं बघितलं.

हेल्मी वाकून दोरीखालून गेली. आयरिसच्या डोक्यावर हात धरून, खोट्या बर्फातून, झगझगीत दिव्यांच्या मधून ती चालत निघाली. ब्रिन दोन्ही हात पसरून धावत आली. हेल्मीने तिच्याकडे पाहिलंही नाही. ट्रकजवळ कुणीतरी लायलला म्हणत होतं, अरे ती तुझी बायको ना, अडव तिला. लायल हलला नाही. मागे दोरीजवळ सगळं चिडीचूप होतं, आणि त्या चिडीचूपपणात ती एकटी चालत होती. तिला वाटलं, झालं. हेही बघून घेतलं. नवऱ्याचं काम घालवलं आणि गावाने कॉफी संपवली.

मग मागून शिट्टी वाजली. शाळेच्या मैदानावरची ती लांब शिट्टी.

"दोघादोघांच्या रांगेत," मिसेस टर्कोट म्हणाल्या. त्यांनी दोरी डोक्याच्या वर उचलून धरली होती.

आणि टॅमरॅक गाव निघालं. दोघादोघांच्या रांगेत, नाताळच्या ऐन मधून, आणि प्रत्येक जण वाटेतल्या प्रत्येक माणसाला सॉरी म्हणत. कॅमेरावाल्याला सॉरी, नटीला सॉरी, नळीवाल्याला सॉरी, मिस्टर ऑयालानं तर दिव्याच्या खांबालाही सॉरी म्हटलं. दिग्दर्शक खुर्चीतून उठून विचारत होता, ही कोण माणसं आहेत?

"इथलीच आहेत," ब्रिन हताशपणे म्हणाली.

हेल्मीने ते ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी या रस्त्याबद्दल खरं बोललं होतं.

हॉल अर्ध्याहून जास्त भरला, पूर्ण नाही. उशिरामुळे बरेच लोक आधीच घरी परतले होते. हेल्मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने लायल येऊन शेजारी उभा राहिला. त्याला घरी पाठवलं होतं. उद्या बोलावतील की नाही हे त्याला माहीत नव्हतं. त्याने हात पुढे केले, तिने आयरिस दिली. पण अजून ती पुरती निवली नव्हती.

सिनेमा सुटल्यावर लोक बाहेरच्या खोलीत रेंगाळले. सगळ्यांचे डोळे ओलसर, सगळे खूश. वेंडल टोपी हातात घेऊन तिच्याकडे आला आणि त्याच्या मते जगातलं सगळ्यात मोठं कौतुक त्याने केलं.

"अगदी खऱ्या सिनेमासारखा होता, हेल्मी. आपला आहे असं वाटलंच नाही."

आजवर हे वाक्य तिने इथल्या किती जणांच्या सिनेमांबद्दल ऐकलं होतं, आणि प्रत्येकाने त्यावर थँक्यू म्हटलेलं बघितलं होतं. तिच्याही ओठांवर ते आलं होतं. तिने ते गिळलं.

"त्यात तुमचं दुकान होतं, वेंडल. तुमच्याच नावाच्या पाटीसकट. ते आपलं वाटलं नाही? मग कुणाचं वाटलं?"

वेंडल गोंधळला. बायकोने त्याची बाही ओढली. पण तो जागचा हलला नाही. टोपी गोल गोल फिरवत राहिला.

"माझं दुकान पाच-सहा सिनेमांत आलंय," शेवटी तो म्हणाला. "दर वेळी पाटी झाकतात. आज ती दिसली, आणि मला वाटलं कुणाच्या तरी हातून झाकायची राहून गेली. मी घाबरलोच गं. म्हटलं, आता पोरीला बोलणी बसणार."

हेल्मीचा राग होताच, पण आता तो वेंडलवर नव्हता. तो खूप मोठा झाला होता, एका माणसावर मावेल असा उरला नव्हता.

"उद्या परत या," ती म्हणाली. "आणि आज जे घरी गेले त्यांना घेऊन या."

शनिवारी सकाळी आर्मांड शिडी घेऊन बाहेर आला. ब्रिन करार दाखवत होती, तो तिला सॉरी म्हणत होता. ती जितकं बोले तितक्या वेळा सॉरी, आणि प्रत्येक सॉरीगणिक एक पायरी वर. खाली शिडी लायलने धरली होती. पाटी त्यानेच उतरवून घेतली, कोपरेही न खरचटू देता, कारण काम चांगलं झालं होतं. शूटिंगवाले तणतणत सरोवरावरच्या गोदीकडे शूटिंग करायला गेले. संध्याकाळी लिरिकमध्ये पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसली होती. मिस्टर ऑयाला पडद्यावर भोंगा वाजवायला चढले तेव्हा मिसेस टर्कोट मागून ओरडल्या, "गुडघा वाकव, गुडघा!" आणि सगळं थिएटर हसलं.

सोमवारी सकाळी डेव्हिनचा फोन आला. हेल्मी स्वयंपाकघरात होती, फोन खांद्याला दाबून आयरिसला ओटमील भरवत. लायल टेबलाशी बसून कामाच्या जाहिराती बघत होता. कालपासून दोघं थोडं थोडं बोलायला लागले होते, सध्या फक्त मुलीबद्दल.

डेव्हिन भलताच आनंदात होता. पायऱ्यांवर माणसं, फारच छान. त्याने शब्द पाळला होता. टोरांटोत जागा मिळाली होती. मंगळवार, दुपारी दोनचा एक खेळ.

"एक?"

"सुरुवात म्हणून. संध्याकाळचे सगळे पडदे अस्वलांना गेलेत, तुला माहितीच आहे. आपल्या सिनेमाला एवढं मिळणं म्हणजेसुद्धा..."

त्याने वाक्य सोडून दिलं आणि थांबला. आता तिने काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. या देशात जन्मलेल्या प्रत्येकाला ते थँक्यू पाळण्यातच शिकवतात.

हेल्मीने चमचा भरला, आयरिसच्या तोंडाशी नेला. आयरिसने तोंड घट्ट मिटून मान फिरवली. नको म्हणजे नको.

फोनमध्ये शांतता होती. लायलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हेल्मी बोलली नाही. पलीकडे डेव्हिनची खुर्ची करकरली, त्याने घसा खाकरला, हॅलो, आहेस ना, म्हणाला. आहे, ती म्हणाली, आणि परत गप्प बसली. असं गप्प बसणं इतकं कठीण असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बरं," शेवटी डेव्हिन म्हणाला. त्याच्या आवाजातली साय जरा फाटली होती. "शुक्रवार संध्याकाळचं विचारून बघतो. आश्वासन देत नाही."

"विचारा," हेल्मी म्हणाली. "मी फोन धरून थांबते."